अर्धकच्चा पेरू आणि वाइनचा ग्लास

मागच्या हिवाळ्यात नाशिकला चुलतभावाच्या गच्चीवर आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. जेवणाआधी सोव्हिन्यॉ ब्लां या व्हाइट वाइनच्या दोन बाटल्या उघडल्या, सगळ्यांच्या हातात ग्लास गेले आणि गच्ची एकदम गप्प झाली. एरवी मिसळीच्या कटात खोबरं भाजून घातलंय की नुसतं, यावर अर्धा तास वाद घालणारी ही माणसं. कुणी "छान आहे" म्हणालं, कुणी "स्मूद आहे" म्हणालं, आणि पुढे कुणाला काही सुचेना. आमची आत्या पीत नाही, तिच्या हातात कोकम सरबत होतं. शेजारी बसलेल्या वहिनीचा ग्लास तिनं सहज घेतला, नाकाशी धरला, दोनदा हुंगला आणि म्हणाली, "पेरू आहे गं. पिकलेला नाही, अर्धकच्चा. देठाकडचा."

सोव्हिन्यॉ ब्लांबद्दल बोलताना जगभरचे जाणकार पेरू, ताजं कापलेलं गवत, ढोबळी मिरची हेच शब्द वापरतात. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं पन्नास वर्षं मंडईत पेरू हुंगून घेतलेत, एवढीच तिची तयारी.

रिसेप्शनला, ऑफिसच्या पार्टीत किंवा मित्राच्या घरी हातात वाइनचा ग्लास येतो आणि काय करायचं, काय बोलायचं कळत नाही, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की चव ओळखण्याची बहुतेक तयारी आपल्या स्वयंपाकघरात आणि मंडईत आधीच झालेली असते. थोडं सावकाश प्यायचं आणि आपल्याच शब्दांवर विश्वास ठेवायचा, एवढं बाकी असतं.

बाटलीत नेमकं काय असतं

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे आंबणं आपल्याला नवं नाही. आयुर्वेदिक दुकानातून आणलेलं द्राक्षासव याच वाटेनं तयार होतं; त्यात आंबण्याची क्रिया सुरू व्हावी म्हणून धायटीची फुलं घालतात. वाइनमध्ये औषधी काही नसतं, फक्त द्राक्ष असतं. पण ते खाण्याच्या थॉमसन सीडलेससारखं नसतं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं.

रंगाची गंमत अशी की काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो आणि सालीबियांमधला तुरटपणाही उतरतो. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं आधी पिळून नुसता रस आंबवतात. गुलाबी रोझे वाइनमध्ये काळ्या सालींना रसात थोडेच तास राहू देतात, मग बाजूला काढतात.

सगळ्यात जास्त गोंधळ 'ड्राय' या शब्दानं होतो. यीस्टनं साखर जवळजवळ सगळी संपवली तर वाइन ड्राय, थोडी शिल्लक राहिली तर गोडसर. अनेकांची वाइनशी पहिली ओळख गोव्याहून येताना आणलेल्या गोड पोर्ट वाइननं झालेली असते. त्यामुळे शिराझसारख्या ड्राय रेड वाइनचा पहिला घोट घेतला की वाइन खराब झालीय असं वाटतं. ती खराब नसते, त्यात साखर नसते इतकंच. वासाला फळ आणि चवीला गोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिकल्या आंब्याचा वास येणारी वाइनसुद्धा पूर्ण ड्राय असू शकते.

महाराष्ट्रात हे सगळं फार जुनं नाही. ऐंशीच्या दशकात नारायणगावला स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन बनू लागली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आहेत. आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ हवं ते दुसऱ्या छाटणीनंतरचं. फ्रान्समध्ये तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर चालते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. या दिवसांत नाशिकला रात्री गार असतात आणि त्या गारव्यामुळेच द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. आत्याच्या त्या पेरूमागे ही थंडीही आहे.

आधी नाक

एक प्रयोग आजच करून बघा. वाइन लागणार नाही. चमचाभर बडीशेप घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि चावायला लागा. तोंडात काहीतरी खरबरीत, जरासं गोड आहे इतकंच कळेल. दहा-बारा वेळा चावून झालं की नाक सोडा. एका क्षणात बडीशेप 'येते'. जिभेला कळतात त्या मोजक्या चवी: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटो-मशरूममधली ती रसदार चव. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो वास असतो, घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढलेला. सर्दी झाल्यावर आईच्या हातची आमटीसुद्धा पाणचट लागते ती यामुळेच.

वाइन चाखण्याचे सगळे विधी या एका गोष्टीवर उभे आहेत. ग्लास तृतीयांशच भरतात, कारण वरची रिकामी जागा वासासाठी हवी असते. ग्लास टेबलावर ठेवून दांडी धरून हलकेच गोल फिरवतात, कारण त्यामुळे वाइनचा हवेला लागणारा भाग वाढतो आणि वास मोकळा होतो. मग नाक ग्लासात घालून छोटे छोटे दोन-तीन श्वास घ्यायचे, एक लांब श्वास नव्हे. नाक एकाच वासाला लवकर सरावतं; अत्तराच्या दुकानात पाच मिनिटांनी काहीच कळेनासं होतं, तसं. असं झालं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या आणि पुन्हा ग्लासाकडे या.

मग घोट. लगेच गिळू नका. चूळ भरावी तशी, पण हळू, तोंडभर फिरवा. ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढता आली तर आणखी वास मागच्या वाटेनं वर जातो. घरी सराव करून बघा, समारंभात आवाज न करता जमायला थोडा वेळ लागतो. गिळल्यावर मनात मोजा: चव किती वेळ रेंगाळते? दोन सेकंदांत पुसली गेली तर वाइन साधी आहे. दहा-पंधरा सेकंद राहिली आणि राहताना बदलत गेली तर त्या बाटलीत काहीतरी आहे. दर्जा ओळखायची यापेक्षा भरवशाची खूण मला माहीत नाही.

ग्लासाच्या आतून थेंब ओघळतात त्याचं मात्र उगाच कौतुक होतं. ते अल्कोहोल आणि पाणी वेगवेगळ्या गतीनं उडाल्यामुळे होतं. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञानं १८५५ मध्येच ते समजावून सांगितलं आहे. ओघळ दिसले म्हणजे अल्कोहोल बऱ्यापैकी आहे, एवढाच अर्थ घ्या. जिभेचं टोक गोड ओळखतं आणि मागचा भाग कडू, हा शाळेतला नकाशाही खरा नाही. जिभेवर सगळ्या चवी सगळीकडे कळतात.

शब्द आपले घ्यायचे

वाइनच्या बाटलीमागे 'ब्लॅक करंट' असं छापलेलं असतं. हे फळ मी स्वतः चाळिशीनंतर चाखलं. ते वाचून माझ्या नाकात काहीच जागं होत नव्हतं. करवंद म्हटलं की होतं. जांभूळ म्हटलं की आणखी होतं, कारण त्यात जिभेवर बसणारा तो तुरटपणाही आला. त्यामुळे बाटलीमागचे शब्द बाजूला ठेवा आणि स्वतःच्या आठवणींच्या कपाटात हात घाला.

उदाहरणं देते. शेनिन ब्लां ही आपल्याकडे खूप मिळणारी व्हाइट वाइन; तिच्यात पिकलं केळं, अननस, कधी मध सापडतो. सोव्हिन्यॉ ब्लांमध्ये पेरू, कैरी, हिरवी ढोबळी मिरची. ढोबळी मिरचीचा तो वास खरोखरच त्याच जातीच्या रसायनांमुळे येतो, कल्पना म्हणून नव्हे. शिराझमध्ये काळी मिरी सापडली तर तीही खरी: ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की शिराझमधला तो वास रोटंडोन या रेणूचा आहे आणि मिरीचा वासही त्याचाच. त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला हा वास त्यांनी तपासलेल्या सर्वांत जास्त प्रमाणातही येत नव्हता. तेव्हा शेजारच्याला मिरी लागते आणि तुम्हाला नाही, तर दोघंही खरं बोलत असाल. ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या वाइनमध्ये व्हॅनिला येतो, आणि पिंप अमेरिकन ओकचं असेल तर चक्क खोबरं. कोकणातल्या माणसाला तो ओळखायला शिकवावा लागत नाही.

काही वास मात्र दोषाचे. दमट कपाटात पावसाळाभर राहिलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब होतं; ती वाइन परत करण्यात काहीही वावगं नाही. हॉटेलात बाटली उघडल्यावर आधी यजमानाच्या ग्लासात दोन घोट ओततात ते याचसाठी. आवडली का हे विचारायला नसतं ते, बाटली नासलेली नाही ना हे बघायला असतं. व्हिनेगरचा झणका आला तर हवा लागून वाइन आंबली. मुरंब्यासारखा शिजका वास आला तर बाटलीनं कुठेतरी ऊन खाल्लंय. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेल्या बाटलीचं हमखास हेच होतं, म्हणून भेट द्यायची बाटली शेवटी घ्या आणि सीटवर सावलीत ठेवा.

आपल्या शब्दांवर विश्वास ठेवा म्हणते, पण डोळ्यांवर ठेवू नका. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना एक व्हाइट वाइन दिली आणि मग तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. नावाचंही तसंच. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून वाइन चाखल्या, तेव्हा व्हाइट आणि रेड दोन्हींत पहिल्या आल्या त्या कॅलिफोर्नियाच्या बाटल्या. जन्मभर वाइन चाखणाऱ्यांचं असं होतं, तर किंमतीचं लेबल बघून आपण किती भुलत असू! घरी चार मित्र जमले तर बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर घाला आणि मग चाखा. इतकी मजा दुसऱ्या कशात नाही.

त्या गच्चीवर आत्याच्या पेरूनंतर हेच झालं. पुढे शिराझ उघडली तर एक काका म्हणाले जांभूळ, काकू म्हणाल्या छे, करवंद आणि तेही डोंगरचं. दोघं जेवणाच्या पानावर बसेपर्यंत भांडत होते. वाइनबद्दल बोलण्याचा धीर येतो तो असा.

तुरट आणि आंबट

इथे मराठी माणसाला जन्मजात सोय आहे. इंग्रजीत तुरट चवीला रोजच्या वापरातला नेमका शब्दच नाही. तिथे लोक तोंड 'कोरडं' पडतं असं सांगत बसतात. आपल्याकडे सहा रसांमध्ये कषाय आहेच, आणि सुपारी, आवळा, जांभूळ, कच्चं केळं चाखलेल्या पोरालाही तुरट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रेड वाइनमधला हा तुरटपणा सालीबियांतून उतरणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ गालाला घासल्यासारखी वाटते. फार उकळलेल्या चहातही हेच होतं. चहात दूध घातलं की तो मऊ होतो, कारण टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात. मटणाच्या घासाबरोबर कॅबर्नेसारखी तुरट रेड वाइन मऊ लागते त्यामागेही असंच कारण आहे.

आंबट ओळखायचं वेगळ्या खुणेनं. गिळल्यावर जिभेखालून पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला आहे. कैरी नुसती बघून सुटतं तसं. तुरट तोंड सुकवतं, आंबट ओलं करतं. एवढा एक फरक पकडला तरी ग्लासातली निम्मी वाइन समजली. आंबटपणा नसलेली वाइन लिंबू न पिळलेल्या पोह्यांसारखी सपाट लागते.

थंड किती

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला तापमानाबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या समारंभांत वाइनचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी' हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांसाठी होतं, जिथे खोली १६-१८ अंशांवर असायची. पुण्यातल्या लॉनवर एप्रिलमध्ये संध्याकाळीही ३० अंश असतात. तेवढ्या गरम रेड वाइनमध्ये आधी अल्कोहोलचा झणकाच नाकात जातो, फळ मागे राहतं. रेड वाइनसुद्धा देण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांना, म्हणजे दोन-तीन तास फ्रिजमध्ये. स्पार्कलिंग त्याहून गार, ६ ते ८.

उशीर झाला असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं घ्या, त्यात मूठभर खडे मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. घरी पॉटचं आइस्क्रीम फिरवलेल्यांना मीठ कशाला हे माहीतच आहे. वीस मिनिटांत बाटली तयार. नुसत्या बर्फात ठेवलेली बाटली तितक्या लवकर गार होत नाही, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. ग्लासात बर्फ टाकला तर वाइन पातळ होते. त्याऐवजी फ्रीजरमध्ये गोठवलेली दोन द्राक्षं टाका. ग्लास दांडीला धरायचा तोही यासाठीच, तळहाताच्या उबेनं वाइन तापू नये म्हणून.

स्पार्कलिंगच्या बाटलीत साधारण सहा वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बूच उडवण्याची हौस डोळ्यावर बेतू शकते. तार सोडवली की अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी, माणसांपासून लांब धरायची, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची आणि बूच हळूच सुटू द्यायचं. आवाज उसासा टाकल्यासारखा यायला हवा.

चारचौघांत

वाइन चाखायला जाणार असाल तर त्या दिवशी जोरदार अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि चाखण्याच्या खोलीत उदबत्ती नको. तुमच्यापेक्षा शेजारच्याला त्रास होतो. आधी अर्धा तास पान, लवंग, कडक कॉफी टाळा. क्रम साधा आहे: हलकी आधी, भारी नंतर, ड्राय आधी, गोड शेवटी. पंगतीत कुणी श्रीखंडानं सुरुवात करून मग वरणभाताकडे येत नाही. एका बैठकीत चार-सहा वाइन पुष्कळ झाल्या. त्यापुढे नाक थकतं.

चाखण्याच्या कार्यक्रमात टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, ते थुंकण्यासाठी. आपल्याला चारचौघांत थुंकणं असभ्य वाटतं, पण तिथे ते व्यवसायाचं शिस्तीचं वागणं आहे. रोज तीस-चाळीस वाइन चाखणारी माणसं गिळत बसली तर काम कसं करतील? न थुंकता उरलेली वाइन भांड्यात ओतून टाकली तरी कुणी वाईट वाटून घेत नाही.

'वाइन म्हणजे काय, हलकीच असते' हे मात्र कृपा करून डोक्यातून काढा. हिशोब सोपा आहे. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे जवळपास २० मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे १३ मिलीच्या आत. म्हणजे एक ग्लास वाइन ही दीड छोट्या पेगइतकी. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण तब्येतीला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, आणि रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून प्यावी असं मी कुणाला सांगणार नाही. आवडते म्हणून, थोडी, जेवणासोबत आणि दर ग्लासाला एक ग्लास पाणी पिऊन घ्या. गाडी चालवायची असेल तर अजिबात नको. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते.

यजमानांना एक मनापासूनची विनंती. आपला आग्रह जिलबीसाठी ठेवा. "एवढी तरी घ्याच, माझी शपथ" हे पंगतीत शोभतं, वाइनच्या ग्लासाला नाही. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका. औषधं चालू असतील, गरोदरपण अजून कुणाला सांगितलेलं नसेल, एखाद्याच्या घरात दारूनं वाट लावलेली असेल. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत किंवा जिरं-लिंबाचा सोडा त्याच छान ग्लासात द्या. आत्याच्या हातातलं सरबत आम्ही वाइनच्याच ग्लासात दिलं होतं. ती गप्पांमध्ये शेवटपर्यंत होती. आणि पिणारे दहा जण असतील तर चार बाटल्या आणा: बाटलीत पाच ग्लास, माणशी दोन. याहून जास्त लागत असेल तर ते चाखणं राहिलेलं नाही.

सोबत काय खायचं

आपल्या तिखटाशी तुरट, भारी रेड वाइन बहुतेकदा भांडते. मिरची तोंडातले उष्णतेचे जे संवेदक चेतवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, आणि आग वाढते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने घेऊन बघितलीय मी, दोन्ही वाया गेलं. तिखटासोबत किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां किंवा रोझे घ्या. तळणीसोबत स्पार्कलिंगइतकं जमणारं काही नाही: कोथिंबीर वडी, कांदाभजी, साबुदाणा वडा. बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा थर धुऊन टाकतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

मासे आणि रेड वाइन एकत्र नको म्हणतात ते खरं आहे, विशेषतः बांगड्यासारख्या तेलकट माशाबाबत. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमधलं लोह समुद्री अन्नासोबत आलं की मागाहून तो उग्र माशाळ वास येतो. सुरमईच्या तुकडीला सोव्हिन्यॉ ब्लां द्या. लिंबू पिळतो त्याच न्यायानं. पुरणपोळीबरोबर ड्राय वाइन काढू नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट-कडू लागते, म्हणून गोडासोबत त्याहून गोड, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची डेझर्ट वाइनच हवी. सुक्या मटणासोबत शिराझ घ्या, फक्त तिखट हात राखून घाला.

उरलेली वाइन बूच लावून, रेड असली तरीही, फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन-चार दिवस बरी राहते, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच संपवा.

आणि जमलं तर फेब्रुवारीत नाशिकला जा, तोडणी चालू असताना. एखाद्या वायनरीत मळा दाखवणाऱ्याला विचारून शिराझचं एक द्राक्ष मागून घ्या, धुऊन तोंडात टाका. आधी नुसता गर चोखा: गोड, आणि जिभेखालून सुटणारं पाणी. मग साल दाढेखाली घ्या, बोटांवर जांभळा रंग राहील. शेवटी बी फोडा. कडवट लागते, गालाची आतली बाजू आक्रसते, जीभ खरखरीत होते. थुंकून टाका, आणि मग चाखायच्या खोलीत जाऊन त्याच द्राक्षाचा ग्लास मागा.